सिगरेट सरळ बंदच का करत नाहीत? देश स्मोकिंग कमी करायला काय काय करतात, सोप्या भाषेत

सिगरेटचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, एवढी वाईट आहे तर सरकार सरळ बंदच का करत नाही, सगळं नाटक आहे, टॅक्स पाहिजे ना यांना. टॅक्स पाहिजे असतो हे खरंच आहे, ते पुढे येईलच, पण बंद करून बघितलेलं आहे हो. भूतानने २००४ मध्ये देशभर तंबाखू आणि सिगरेट विकायलाच बंदी घातली, असं करणारा तो पहिला देश. २०१० मध्ये कायदा अजून कडक केला, इतका की थोडीशी तंबाखू जवळ सापडली म्हणून एका तरुण भिक्षूला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि मग लोकच चिडले. सिगरेट बंद झाली का? छे. ती सीमेपलीकडून चोरून यायला लागली आणि महाग झाली, एवढंच. शेवटी कोविडच्या काळात चोरटा माल आणणाऱ्यांबरोबर व्हायरस पण आत येईल अशी भीती वाटायला लागली तेव्हा सरकारने माघार घेतली आणि २०२१ मध्ये विक्रीवरची बंदी काढून टाकली.

दक्षिण आफ्रिकेचंही तेच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिथे जवळपास पाच महिने सिगरेट विकायला मनाई होती, आणि त्या काळात बहुतेक स्मोकर्सना सिगरेट मिळतच होती, फक्त ब्लॅकने आणि चढ्या भावाने. सगळा पैसा चोरट्या धंद्यात गेला, आणि बंदी उठल्यावर तो धंदा काही लगेच गाशा गुंडाळून गेला नाही.

कारण साधं आहे. निकोटिनची सवय लागलेली लाखो माणसं देशात आधीच आहेत, त्यांची तलफ तशीच ठेवून दुकानातला माल तेवढा गायब केला तर कोणीतरी तो मागच्या दाराने आणणारच. म्हणून जगात जी पद्धत चालते ती अशी आहे की विक्री कायदेशीर राहू द्यायची, पण मागणी सगळीकडून आटवत न्यायची. आणि यात तीन वेगवेगळी माणसं डोळ्यासमोर ठेवावी लागतात, ज्याने अजून सुरुवात केली नाही तो पोरगा, जो रोज ओढतो तो, आणि जो ओढत नाही पण ओढणाऱ्याच्या शेजारी बसतो तो. प्रत्येक पॉलिसी बघताना ही यातल्या कोणासाठी आहे एवढं विचारलं तरी अर्धा गोंधळ संपतो.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने तंबाखूमुळे दरवर्षी ७० लाखांपेक्षा जास्त माणसं मरतात, आणि त्यात स्वतः कधी न ओढणारे पण लाखोंनी आहेत. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांचाच पन्नास वर्षं पाठपुरावा केला, म्हणजे कोण ओढतो, कोण सोडतो, कोण कधी मरतो ते सगळं लिहून ठेवलं, आणि २००४ मध्ये निष्कर्ष आला तो असा की आयुष्यभर ओढणाऱ्याची सरासरी १० वर्षं जातात. पण तिसाव्या वर्षी सोडली तर जवळपास सगळी १० वाचतात, चाळिसाव्या वर्षी ९, पन्नासाव्या वर्षी ६, साठाव्या वर्षी पण ३. पॉलिसीच्या दृष्टीने हा आकडा फार कामाचा आहे, कारण नवीन पोरांना थांबवलं की फायदा दिसायला तीस-चाळीस वर्षं लागतात पण आत्ताच्या स्मोकर्सनी सोडली तर फायदा ह्याच पिढीत दिसतो. बरीच सरकारं शाळेत पोस्टर लावून मोकळी होतात आणि ओढणाऱ्यांकडे बघतच नाहीत, हे मला तरी पटत नाही.

२००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार झाला, २००५ पासून तो लागू आहे आणि १८० पेक्षा जास्त देश त्यात आहेत. अमेरिकेने सही केली पण पुढे मंजुरीच दिली नाही, इंडोनेशियाने सहीसुद्धा केलेली नाही. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यातल्या मुख्य उपायांचं एमपॉवर नावाचं पॅकेज केलं: मोजत राहा, धुरापासून वाचवा, सोडायला मदत करा, धोका सांगा, जाहिराती बंद करा, टॅक्स वाढवा. तुर्कस्तान हा सगळ्याच बाबतीत वरच्या पातळीला पोचलेला पहिला देश, मग ब्राझील. हे सगळे उपाय सारख्याच ताकदीचे आहेत असं मात्र अजिबात नाही. सगळ्यात जोर आहे तो टॅक्समध्ये, आणि सगळ्यात जास्त चालढकल पण तिथेच होते.

तर टॅक्स. ढोबळ हिशोब असा की सिगरेटची किंमत १० टक्के वाढली तर श्रीमंत देशांत खप साधारण ४ टक्के घटतो आणि गरीब-मध्यम देशांत ५ टक्क्यांच्या आसपास. ऐकायला फार वाटत नाही, पण यात पोरांचा वाटा मोठा असतो, कारण त्यांच्याकडे पैसा कमी आणि सवय अजून पक्की झालेली नसते, ते पटकन मागे सरकतात. मोठे लोक काही सोडतात, काही कमी करतात, काही नुसतेच शिव्या घालत तेवढीच ओढतात.

आणि गंमत बघा, खप कमी होऊनसुद्धा सरकारचा पैसा वाढतो. समजा पाकीट १०० ला आहे आणि त्यात ५० टॅक्स आहे. सरकारने टॅक्स ६० केला, पाकीट ११० झालं, म्हणजे किंमत १० टक्के वाढली, खप ५ टक्के घटला. आधी १०० पाकिटांवर ५००० मिळत होते, आता ९५ पाकिटांवर ५७०० मिळतात. म्हणजे तब्येत आणि तिजोरी दोन्ही एकाच बाजूला, असं सरकारी कामात फार कमी वेळा होतं. (कायम होतं असं नाही, एका मर्यादेपुढे काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसलं, सांगतो.)

पण टॅक्स किती यापेक्षा तो कसा लावलाय यात खरी मेख असते. टॅक्स जर फक्त किमतीच्या टक्क्यात असेल तर कंपनी स्वस्त ब्रँड काढते, स्वस्त ब्रँडवर टॅक्सही कमी पडतो, आणि महागाचं ओढणारा त्या स्वस्तावर उतरतो. सोडली कोणीच नाही, फक्त पाकीट बदललं. काही देशांत तर लांबीप्रमाणे किंवा किमतीप्रमाणे चार-पाच वेगवेगळे स्लॅब असतात, मग कंपनीचं डोकं कशात चालतं तर माल खालच्या स्लॅबमध्ये कसा बसवायचा यात. म्हणून बहुतेक एक्सपर्ट म्हणतात की प्रत्येक सिगरेटमागे सारखाच ठरलेला टॅक्स लावा, स्वस्त असो की महाग. फक्त त्यात एक गोष्ट विसरून चालत नाही, ठरलेला टॅक्स दरवर्षी वाढवावा लागतो, नाहीतर महागाईत तो विरघळून जातो. आणि नुसत्या महागाईएवढा वाढवूनही भागत नाही, कारण लोकांचे पगार त्याहून भरभर वाढत असतील तर कागदावर महाग झालेली सिगरेट खिशाला स्वस्तच होत जाते. बजेटच्या दिवशी "सिगरेट महागली" अशी बातमी येते ना, तेव्हा खरं विचारायचं हे की एका पाकिटासाठी आता किती वेळ काम करावं लागतं, गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी. शिफारस अशी आहे की पाकिटाच्या किमतीतला निदान ७५ टक्के भाग टॅक्सचा असावा, आणि तिथपर्यंत पोचलेले देश अजूनही थोडेच आहेत.

कंपन्यापण गप्प बसत नाहीत. टॅक्स वाढायच्या आधी जुन्या दराने गोदामं भरून ठेवतात, टॅक्स एकदम वाढला तरी दुकानातली किंमत थोडी थोडी वाढवत नेतात म्हणजे गिऱ्हाइकाला धक्काच बसत नाही, आणि स्वस्त ब्रँडवर स्वतःचा नफा कमी करून महागड्यावर वसूल करतात. त्यामुळे वर्षाला चिमूटभर वाढ करणारं सरकार बऱ्याचदा कंपनीच्या सोयीचंच वागत असतं, मोठी आणि एकदम केलेली वाढ खरी लागते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीये. गरीब माणसाच्या कमाईतला जास्त भाग सिगरेटमध्ये जातो, मग हा टॅक्स गरिबांवरच पडला ना? उत्तर अर्धं असं आहे की किंमत वाढल्यावर सोडण्याचं किंवा कमी करण्याचं प्रमाण गरिबांमध्येच जास्त असतं, त्यामुळे आजारपणाचा वाचलेला खर्च आणि वाचलेली वर्षं पण त्यांनाच जास्त मिळतात. उरलेलं अर्धं उत्तर सरकारच्या हातात आहे. जो सोडू शकत नाही त्याच्याकडून पैसे घेताय तर ते त्याच्यासाठी वापरा. कॅलिफोर्नियाने १९८८ मध्ये लोकांचं मत घेऊन पाकिटामागे २५ सेंट टॅक्स लावला आणि त्यातला काही पैसा कायद्यानेच स्मोकिंगविरोधी कामाला बांधून टाकला. थायलंडने २००१ मध्ये दारू-तंबाखूच्या करावर २ टक्के जादा लावून आरोग्यासाठी स्वतंत्र निधी उभा केला. फिलिपिन्सने २०१२ मध्ये टॅक्स वाढवला आणि वाढीव पैशातला मोठा भाग सगळ्यांच्या आरोग्य विम्याला दिला, आणि असं सांगितल्यावर टॅक्सला पाठिंबा मिळवणं पण सोपं गेलं. उलटं उदाहरण अमेरिकेचं. १९९८ मध्ये ४६ राज्यांनी सिगरेट कंपन्यांशी खटल्यांत तडजोड केली, २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर यायचे ठरले, आणि बऱ्याच राज्यांनी त्यातला अगदी थोडाच पैसा स्मोकिंग कमी करायला लावला, बाकीचा इकडचे तिकडचे खड्डे बुजवण्यात गेला.

आता स्मगलिंग. टॅक्स वाढवला की चोरटा माल वाढतो, हा कंपन्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा, आणि तो पूर्ण खोटा नाही, पूर्ण खरा पण नाही. कॅनडाचा किस्सा ऐका. तिथे १९९० च्या आसपास टॅक्स खूप वाढला, अमेरिकेतून चोरून सिगरेट यायला लागल्या, ओरड झाली, आणि १९९४ मध्ये सरकारने घाबरून टॅक्स कापला. परिणाम काय, तर पोरांमधलं स्मोकिंग वाढलं. आणि मग बाहेर आलं ते असं की चोरून येणारा बराचसा माल कॅनडाच्याच कंपन्यांनी बनवलेला होता, आधी अमेरिकेला एक्स्पोर्ट केला आणि तिथून तोच मागच्या दाराने परत आला, आणि हे सगळं कंपन्यांना माहीत होतं. २००८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी गुन्हा कबूल केला, दंड आणि भरपाई मिळून एक अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर रक्कम गेली.

ब्रिटनने दुसरा रस्ता धरला. २००० च्या सुमाराला तिथे पाचात एक सिगरेट चोरटी होती, पण टॅक्स न कापता कस्टमची माणसं वाढवली, बंदरांवर स्कॅनर लावले, माल कुठे जातो याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, आणि टॅक्स चढाच असताना चोरट्या मालाचा वाटा पुढच्या दहाएक वर्षांत निम्म्यावर आला. म्हणजे चोरटा माल नुसत्या टॅक्समुळे येत नाही, पकडणारं कोणी नसलं की येतो. बऱ्याच देशांत टॅक्स कमी असूनही चोरटा माल भरपूर असतो तो त्यामुळेच.

पण मग ऑस्ट्रेलिया. तिथे २०१३ ते २०२० दरवर्षी १२.५ टक्के जादा टॅक्स वाढत गेला, पाकीट जगातल्या सगळ्यात महागड्यांपैकी एक झालं, स्मोकिंग खरंच कमी झालं. पण नंतर चोरट्या सिगरेटचा धंदा इतका फोफावला की टोळ्यांच्या भांडणात दुकानांना आगी लावण्याचे प्रकार सुरू झाले, आणि २०१९-२० मध्ये जो टॅक्स १६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जमा होत होता तो पाच वर्षांत निम्म्यापेक्षाही खाली आला. त्यातला काही भाग लोकांनी सोडली किंवा व्हेपकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगरेटकडे, वळले म्हणूनही आहे, पण सगळा नाही. टॅक्स वाढवत नेला आणि पकडणारी यंत्रणा मागेच राहिली तर काय होतं त्याचं हे उदाहरण, आणि टॅक्सच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते लपवू नये असं मला वाटतं. चोरट्या मालाविरुद्ध एक वेगळा जागतिक करार पण आहे, २०१८ पासून लागू, त्यात प्रत्येक पाकिटावर खूण करून ते कारखान्यापासून ट्रॅक करायचं असं आहे.

आता जाहिराती. अमेरिकेत १९६४ मध्ये तिथल्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, अहवाल आला की सिगरेटमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. १९६७ मध्ये नियम झाला की टीव्ही-रेडिओवर सिगरेटची ॲड दाखवत असाल तर स्मोकिंगविरोधी ॲडलाही वेळ द्यावा लागेल, आणि खप चक्क घसरायला लागला. मग कंपन्यांनी टीव्हीवरच्या बंदीला फारसा विरोध केला नाही, कारण त्यांची ॲड गेली की विरोधातली फुकट ॲडपण जाणार होती. २ जानेवारी १९७१ पासून टीव्ही-रेडिओवरच्या ॲड बंद झाल्या, (१ ऐवजी २ तारीख का, तर नवीन वर्षाच्या दिवशीच्या फुटबॉल मॅचेसमध्ये ॲड दाखवता याव्यात म्हणून), विरोधातल्या ॲडपण खूप कमी झाल्या, आणि खप परत थोडा वाढला. म्हणजे एकच खिडकी बंद केली की पैसा दुसऱ्या खिडकीतून आत येतो, टीव्ही बंद केला तर मासिकं, मासिकं बंद केली तर खेळांच्या स्पॉन्सरशिप, त्या बंद केल्या तर दुकानातली मांडणी, आता सोशल मीडियावरचे इन्फ्लुएन्सर. म्हणून अर्धवट बंदीचा उपयोग जवळजवळ शून्य, सगळीकडे एकदम बंदी असेल तरच काहीतरी होतं.

सगळं बंद झालं तरी पाकीट उरतंच. पाकीट म्हणजे खिशात घालून फिरवायची ॲड, दिवसातून वीस वेळा बाहेर निघते. त्यावर मोठी फोटोवाली वॉर्निंग टाकायला कॅनडाने २००१ मध्ये सुरुवात केली आणि आता शंभरपेक्षा जास्त देशांत ती आहे. त्याच कॅनडाने आता प्रत्येक सिगरेटच्या कागदावरसुद्धा वॉर्निंग छापायला लावलीये, सुटी सिगरेट घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही ना, हा विचार हुशारीचा आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून ब्रँडचे रंग, लोगो सगळं काढून टाकलं, सगळ्यांची पाकिटं एकसारखी मळकट हिरवट-तपकिरी, ब्रँडचं नाव ठरलेल्या साध्या अक्षरात. तो रंग लोकांना विचारून मुद्दाम सगळ्यात घाणेरडा निवडलेला आहे.

यावर कंपन्या जेवढ्या तुटून पडल्या तेवढ्या कशावरच पडल्या नसतील. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात (तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट तेच) हरल्या, मग फिलिप मॉरिस या बड्या सिगरेट कंपनीने हाँगकाँगबरोबरच्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन केस टाकली, ती २०१५ मध्ये उडाली, मग काही देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, ती २०२० मध्ये शेवटी संपली, ऑस्ट्रेलिया जिंकला. उरुग्वेची लढाई अजून भारी. देश छोटा, अध्यक्ष ताबारे वास्केस स्वतः कॅन्सरचे डॉक्टर, त्यांच्या काळात पाकिटाचा ८० टक्के भाग वॉर्निंगने व्यापला आणि एका ब्रँडचा एकच प्रकार विकायचा असा नियम झाला. फिलिप मॉरिसने २०१० मध्ये केस केली, २०१६ मध्ये निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला आणि वर कंपनीला खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यायला सांगितले. कंपनी हरली म्हणून फुकट गेलं असं समजू नका. ही सहा वर्षं दुसरे छोटे देश बघत बसले की आपण असा कायदा केला तर आपल्यावर पण अशीच केस पडेल का, आणि तेवढा उशीर झाला की तोही कंपनीचा फायदाच असतो.

एकच प्रकार विकायचा नियम का, तर "लाइट" आणि "माइल्ड" च्या फसवणुकीमुळे. त्या सिगरेटच्या फिल्टरला बारीक भोकं असतात, मशीनने ओढली की हवा मिसळून टार (धुरातला चिकट, घातक भाग) कमी दिसतो, पण माणूस ओढताना बोटांनी किंवा ओठांनी ती भोकं झाकतो, जोरात ओढतो, एखादी जास्त ओढतो, आणि शरीरात जातं तेवढंच. कितीतरी लोकांनी सोडायच्या ऐवजी लाइट धरली. शब्दांवर बंदी आली तर कंपन्यांनी तेच काम रंगांवरून चालू ठेवलं, फिकट पाकीट म्हणजे हलकी.

आता तो तिसरा माणूस, शेजारी बसलेला. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी दाखवलं की नवरा ओढत असेल तर कधीच न ओढणाऱ्या बायकोला पण फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्याआधी स्मोकिंग हा ज्याचा त्याचा प्रश्न होता, इथून पुढे तो दुसऱ्याच्या हवेचा प्रश्न झाला आणि कायद्याचं सगळं गणितच बदललं. विमानात आधी मागच्या रांगा स्मोकिंगवाल्यांच्या असायच्या, धूर काय रांग बघून थांबतो का, पण हे मान्य व्हायला वर्षं गेली. अमेरिकेत १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या फ्लाइटमध्ये आणि १९९० मध्ये जवळजवळ सगळ्या देशांतर्गत फ्लाइटमध्ये बंदी आली, आणि त्यासाठी एअर होस्टेस आणि बाकीचा केबिन स्टाफ खूप भांडला होता.

मग २९ मार्च २००४, आयर्लंड. पबसकट कामाच्या सगळ्या बंदिस्त जागी स्मोकिंग बंद, देशभर, पहिल्यांदाच. पब ओस पडतील, कोणी ऐकणार नाही, मारामाऱ्या होतील असं सगळं म्हणून झालं होतं. लोकांनी निमूटपणे बाहेर जाऊन ओढायला सुरुवात केली. मुद्दा गिऱ्हाइकाचा नव्हताच, तिथे रोज आठ-आठ तास काम करणाऱ्यांचा होता, गिऱ्हाईक तरी दुसरीकडे जाऊ शकतो. या कायद्यांनंतर हार्ट ॲटॅक कमी झाल्याचं बऱ्याच ठिकाणी दिसलं, सुरुवातीला एका छोट्या अमेरिकन गावातून ४० टक्के घट असा आकडा आला होता तो नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकला नाही, घट बरीच लहान निघाली, पण निघाली. वेगळी स्मोकिंग रूम किंवा जोरदार पंखे मात्र कामाचे नाहीत, धूर दारातून येतोच आणि साफसफाई करायला कोणीतरी आत जातंच.

सोडायला मदत हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. बहुतेक स्मोकर्सना सोडायची असते, पण नुसत्या जिद्दीवर केलेल्या शंभर प्रयत्नांत चार-पाचच टिकतात. निकोटिनचे पॅच आणि गम, व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपिऑनसारख्या गोळ्या, फोनवरचं समुपदेशन, आणि डॉक्टरने कुठल्याही आजारासाठी आलेल्या माणसाला दोन मिनिटं विचारणं, यातलं प्रत्येक थोडं थोडं काम करतं आणि एकत्र बरंच करतं. ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. तरी अनेक देशांत सिगरेट कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळते आणि पॅच शोधत फिरावं लागतं.

आता नवीन कल्पना, ठरावीक सालानंतर जन्मलेल्यांना सिगरेट कधीच विकायची नाही. म्हणजे आज ओढणाऱ्याला कोणी हात लावत नाही, पण वयाची अट दरवर्षी एकेक वर्षाने वर सरकत जाते. न्यूझीलंडने २०२२ मध्ये असा कायदा केला, १ जानेवारी २००९ पासून जन्मलेल्यांसाठी, शिवाय सिगरेटमधलं निकोटिन जवळपास काढून टाकायचं आणि दुकानं ६००० वरून ६०० वर आणायची. सरकार बदललं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत, लागू व्हायच्या आधीच, सगळं रद्द. टॅक्सकपातीसाठी पैसा लागणार होता आणि सिगरेटचा महसूल हातचा जाणार होता, हे तिथे उघडपणे बोललं गेलं. ब्रिटनमध्ये ऋषी सुनक यांनी २०२३ मध्ये अशीच घोषणा केली, सरकार बदललं, पण नव्याने सत्तेत आलेल्या लेबर पक्षानेही २०२४ मध्ये तसंच बिल परत संसदेत आणलं. मालदीवने १ नोव्हेंबर २०२५ पासून असा नियम लागूही केला, २००७ पासून जन्मलेल्यांसाठी. ही हळूहळू येणारी बंदीच आहे, भूतानपेक्षा हुशार, कारण ज्याला सवय लागलीये त्याचा माल कोणी काढून घेत नाही. चालेल की नाही ते बघायला निदान दहा वर्षं लागतील.

व्हेपिंगवर तज्ज्ञच भांडतायत. न जळणारं निकोटिन सिगरेटपेक्षा कमी घातक हे बहुतेकांना मान्य आहे, आणि सोडायला व्हेपचा उपयोग पॅच-गमपेक्षा जास्त होतो असं कॉक्रेनच्या (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यात दिसतं. पण कधीच न ओढलेली शाळकरी पोरं फळांच्या फ्लेवरचे व्हेप ओढायला लागली की तो सगळा हिशोब फिरतो. म्हणून ब्रिटन स्मोकर्सना व्हेप देऊन सिगरेट सोडवतो, भारताने २०१९ मध्ये व्हेपची विक्रीच बंद केली, ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून फक्त फार्मसीत ठेवले. स्वीडनमध्ये स्नूस म्हणून ओठाखाली ठेवायची तंबाखू चालते, बाकीच्या युरोपियन युनियनमध्ये ती विकायला बंदी आहे, आणि स्वीडनमध्ये रोज सिगरेट ओढणारे ५ टक्क्यांच्या आसपास उरलेत. माझं मत विचाराल तर ज्या देशात सिगरेट सगळीकडे मिळते आणि व्हेप मात्र बंद आहे तिथे काहीतरी उलटं चाललंय. पण पोरांपासून लांब कसं ठेवायचं याचं चांगलं उत्तर माझ्याकडे पण नाही.

आणि सरकार म्हणजे एकच माणूस नसतो हेही लक्षात घ्या. आरोग्य खात्याला खप कमी हवा असतो, अर्थ खात्याला यंदाचा महसूल, शेती खात्याला तंबाखू पिकवणारा शेतकरी, व्यापार खात्याला एक्स्पोर्ट. चीनमध्ये तर जगातली सगळ्यात मोठी सिगरेट कंपनी सरकारचीच आहे, जपान टोबॅकोत जपान सरकारचा एक तृतीयांश हिस्सा आहे. जागतिक करारातलं कलम ५.३ म्हणतं की पॉलिसी ठरवताना तंबाखू कंपन्यांना लांब ठेवा, पण कंपनीचा मालकच आत बसलेला असेल तर लांब कोणाला ठेवणार.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. अमेरिकेत माणशी सिगरेटचा खप १९६३ मध्ये सगळ्यात जास्त होता, तिथून उतरत गेला, पण पुरुषांमधले फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू मात्र १९९० च्या आसपासपर्यंत वाढतच होते. आज टॅक्स वाढवणाऱ्या मंत्र्याला त्याचा निकाल दिसायच्या आत चार-पाच निवडणुका होऊन जातात. त्यामुळे पॉलिसी चालतेय की नाही ते मृत्यूंच्या आकड्यावरून बघायला गेलात तर काहीच कळणार नाही, त्याऐवजी लवकर हलणारे आकडे बघायचे: १३ ते १५ वर्षांच्या किती मुलांनी गेल्या महिनाभरात सिगरेट ओढली, किती स्मोकर्सनी वर्षभरात सोडायचा प्रयत्न केला आणि त्यातल्या किती जणांना मदत मिळाली, पाकीट पगाराच्या मानाने महागलं की स्वस्त झालं. एमपॉवरमधलं पहिलंच काम मोजण्याचं ठेवलंय ते म्हणूनच. असे सर्व्हे दर चार-पाच वर्षांनी व्हायला हवेत, आणि बऱ्याच देशांत दोन सर्व्हेंच्या मध्ये इतकी वर्षं जातात की नवीन कायद्याने काय झालं हे तिथल्या आरोग्य खात्यालासुद्धा सांगता येत नाही.